दोन चुली, एक घर

लग्न होऊन मी वाकोल्यात आले, तेव्हा सेंट अँथनी चर्चची घंटा कानाला नवीन होती. पुढे माझी धाकटी बहीण नोकरीसाठी माझ्याकडे राहायला आली, तिथल्याच एका मुलाशी तिचं जुळलं आणि तिचं लग्न त्याच चर्चमध्ये लागलं. आई गावाहून आली नाही. नंतर ती माझ्याकडे यायची, पण दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या धाकटीच्या घरी पाय ठेवायची नाही. मी मधली. इकडचे निरोप तिकडे न्यायचे, तेही काटे काढून. अगदी जीव मेटाकुटीला यायचा.

त्याच दिवसांत लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हातात आलं. शाळेत धडा होता तेव्हा नुसती हसले होते. या वेळी मात्र ती बाई माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. 1857 च्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने पछाडलं. बाजारातून आणलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं ते कवी नारायण वामन टिळकांशी. माणूस मोठा प्रेमळ, पण तितकाच तापट आणि लहरी. हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा! संसार कसा झाला असेल, ते आपण बायकांनी ओळखावं. पण शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकोला लिहा-वाचायला शिकवलं ते याच माणसाने.

फेब्रुवारी 1895 मध्ये टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पदरी लहानगा दत्तू. पंढरपूरला बहिणीच्या आधाराने त्या राहिल्या. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जायची सोय नाही. काही वर्षं अशीच गेली. पत्रं जात-येत राहिली. रागावणं, रडणं, समजूत काढणं सगळं त्या पत्रांतून चालायचं. दोघांनीही दार पुरतं लावून घेतलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

शेवटी त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण आपलं सोवळं सोडून नाही. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनीही धर्मासाठी बायकोवर जबरदस्ती केली नाही. येशूच्या शिकवणीत समेट करणाऱ्यांना देवाची लेकरं म्हटलंय. टिळक तापट होते खरे, पण या एका बाबतीत ते थांबायला शिकले. आणि थांबणं म्हणजे काही कमी काम नाही हो!

मग लक्ष्मीबाईंनाच एकदा विचार करता करता उमगलं, की जाती काही देवाने केलेल्या नाहीत, त्या माणसांच्या आहेत. त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. तोही कुणी ओढून नेलं म्हणून नाही, स्वतःला पटलं म्हणून.

ख्रिस्ती झाल्यावरही दोघांनी मराठीपण सोडलं नाही. टिळकांनी ख्रिस्ताची भजनं अभंग-ओव्यांत लिहिली. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत. 1919 मध्ये ते गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग निघू लागले. त्यात नवऱ्याशी झालेली भांडणं आहेत, पण कुणावर सूड नाही. स्वतःवर हसता येणारी माणसंच घर जोडतात की काय, असं वाटतं. 1936 मध्ये त्या गेल्या.

मी ते पुस्तक आईला वाचायला दिलं. उपदेश केला नाही, नुसतं उशाशी ठेवलं. आईने महिनाभर ते पुरवून पुरवून वाचलं. माझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

पुढच्या खेपेला आली, तेव्हा संध्याकाळी चपला घालून दाराशी उभी राहिली आणि धाकटीकडे चल म्हणाली. हातात घरून भरून घेतलेली पाण्याची बाटली होती. तिथे तासभर बसली, नातवाला मांडीवर घेतलं आणि तहान लागली तेव्हा आपल्याच बाटलीतलं पाणी प्यायली. धाकटीचा चेहरा पडला. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

अजूनही आई ती बाटली बरोबर नेते. आम्ही दोघी बहिणी काही बोलत नाही. लक्ष्मीबाईंच्या घरातही काही दिवस दोन चुली होत्याच की!