मोरया गोसावी : भक्ताचे नाव आणि लोकांचा जयघोष

गणपती बाप्पा मोरया हा जयघोष तुम्ही अनेकदा केला असेल. त्यातील पहिले दोन शब्द देवाचे आहेत. तिसऱ्या शब्दामागे मात्र चिंचवडच्या एका सत्पुरुषाचे चरित्र उभे आहे. एखाद्या स्थानिक उपासनापरंपरेचा व्यापक लोकसंस्कृतीवर प्रभाव कसा पडतो, हे या चरित्रावरून समजून घेता येते.

मोरया गोसावींच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंपरेनुसार वामनभट व पार्वतीबाई या दांपत्याने मोरगावच्या मयूरेश्वराची आराधना केली आणि त्याच्या कृपेने झालेल्या पुत्रास देवाचेच मोरया हे नाव ठेवले. नयनभारती गोसावींचा उपदेश घेऊन मोरयांनी थेऊर येथे अनुष्ठान केले. पुढे ते पवनाकाठी चिंचवड येथे राहिले. तेथून ते मोरगावची वारी करीत. वार्धक्यात वारी कठीण झाली, तेव्हा कऱ्हा नदीत स्नान करताना त्यांच्या हाती गणेशमूर्ती आली, अशी आख्यायिका आहे. ही मंगलमूर्ती त्यांनी चिंचवडला आणली. गणेशभक्तीची मराठी पदे त्यांनी रचली आणि पवनेच्या काठीच संजीवन समाधी घेतली.

त्यांच्यानंतरही भाद्रपद व माघ महिन्यांत मंगलमूर्तीची पालखी चिंचवडहून मोरगावला जात राहिली. १८९३ पासून गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आले आणि हा जयघोष मंडळांच्या मिरवणुकांत दुमदुमू लागला. पुढे तो हिंदी चित्रपटांतही शिरला. १९९८ च्या ‘सत्या’मधील विसर्जनाचा प्रसंग तुम्हांस आठवेल. हवाई बेटांवरील अलोहा हा शब्द अमेरिकी गाण्यांत व पर्यटनात असाच रुळला. तेथेही शब्द दूर गेला आणि मूळ संदर्भ मागे राहिला.

मोरया म्हणताना आपण देवाला हाक मारतो की भक्ताला? दोघांचे नाव एकच असल्याने याचा निवाडा करता येत नाही. देवाचे नाव भक्ताला मिळाले आणि भक्तामुळे ते लोकांच्या ओठी रुजले, असे मात्र म्हणता येईल. आज चिंचवडभोवती कारखाने उभे आहेत. परप्रांतांतून आलेले कामगारही विसर्जनाच्या दिवशी हेच नाव घेतात. नाव असे सर्वांचे झाले. पण मोरयांची पदे फार थोड्यांच्या वाचनात आहेत. साहित्याच्या अभ्यासकाने ती मिळवून वाचावीत आणि आपल्या परिसरातील असा एखादा नामघोष शोधून त्यामागील चरित्राची नोंद करावी.