माजुमाची मात्रा शोधणारा डॉक्टर

१८३८ सालचा नोव्हेंबर महिना. कोलकात्याच्या रुग्णालयात संधिवाताच्या तीन रुग्णांना दुपारी दोन वाजता एकच औषध एकाच मात्रेत पोटात देण्यात आले. गांजाची राळ मद्यार्कात विरघळवून, प्रत्येकाला एक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. चार वाजता त्यातला एक रुग्ण बडबड करू लागला. तो गाणी म्हणू लागला, जास्तीचे जेवण मागू लागला, आपण ठणठणीत बरे झालो असे सांगू लागला. बाकीचे दोघे होते तसेच. सहाला त्या गाणाऱ्याला झोप येऊ लागली आणि रात्री आठ वाजता तो बेशुद्ध होता. नाडी ठीक, श्वास ठीक. पण त्याचा हात उचलून हवेत ठेवला तर तो तसाच राहत होता, मेणाच्या पुतळ्यासारखा. डॉक्टर घाईघाईने वॉर्डात आले. रुग्ण मध्यरात्र उलटल्यावर शुद्धीवर आला. तिसऱ्या रुग्णावर मात्र काहीच परिणाम झाला नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले, त्याला चिलमीची सवय होती.

हे डॉक्टर म्हणजे विल्यम ब्रूक ओशॉनेसी. मूळचे आयर्लंडमधल्या लिमरिकचे, शिक्षण एडिंबरोचे. जेमतेम विशी ओलांडलेली असताना त्यांनी १८३१-३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत रुग्णांचे रक्त तपासून दाखवले की त्यातले पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात, आणि उपाय करायचा तर तेच परत द्यायला हवेत. स्कॉटलंडमधल्या टॉमस लॅटा यांनी लगेच शिरेतून क्षारयुक्त पाणी देऊन पाहिले. आज वॉर्डात लटकणाऱ्या सलाइनच्या बाटलीचा उगम तिथे आहे. ओशॉनेसी १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आले आणि नव्या कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले.

इथल्या घराघरांत आणि बाजारात भांग, गांजा, चरस होतेच. युरोपीय डॉक्टर त्याकडे नशेखोरांची चीज म्हणून पाहत. ओशॉनेसींनी दुसरा रस्ता धरला. पंडित मधुसूदन गुप्त यांच्यासारख्या जाणकारांकडून त्यांनी संस्कृत ग्रंथांतली माहिती मिळवली, हकिमांना विचारले, आणि शेवटी थेट चुलीपाशी जाऊन बसले. कोलकात्यात अमीर नावाचा एक माणूस भांग पिणाऱ्यांचा अड्डा चालवत असे. माजूम करण्यात त्याचा हातखंडा होता. त्याने ओशॉनेसींसमोर अनेकदा माजूम करून दाखवले.

कृती आपल्या वड्यांसारखीच. भांगेची पाने तुपात आणि पाण्यात निखाऱ्यांवर शिजवायची. पाणी आटले की तूप कडेला तडतडते. मग कापडातून पिळून चोथा टाकायचा. हिरवे तूप गोठले की ते पाण्यात धुऊन घ्यायचे. साखरेचा दुधाळ पाक करून त्यात ते घोटायचे, गुलाबाचे अत्तर शिंपडायचे, थंड थाळीवर ओतून चौकटी कापायच्या. एक शेर माजूम चार रुपयांना विकले जाई. ओशॉनेसींनी हे सगळे टिपून घेतले आणि पुढे एक डॉक्टरच टिपेल अशी नोंद केली: चार ग्रॅमहून थोडा कमी तुकडा नवख्याला चढतो, सवयीच्या माणसाला त्याच्या तिप्पट लागतो. चव गोड, वास छान.

हा गोडवाच धोक्याचा. तूप का, हे अमीरला अनुभवाने माहीत होते. कारण मात्र शंभराहून अधिक वर्षांनी समजले. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातला मुख्य मादक घटक, टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात सहज विरघळतो. कच्च्या पानात तो बराचसा निष्क्रिय आम्लाच्या रूपात असतो, उष्णतेने सक्रिय होतो. म्हणजे तूप आणि निखारे ही दोन्ही पाककलेच्या नावाखाली चाललेली औषधनिर्मितीच होती.

धुरातून घेतलेले टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोचते. खाल्लेले आतड्यातून आधी यकृतात जाते, तिथे त्याचे आणखी एका प्रभावी मादक द्रव्यात रूपांतर होते आणि मग परिणाम दिसतो. कधी अर्ध्या तासाने, कधी दोन तासांनी, आणि तो रात्रभरही टिकू शकतो. माणूस तासभर वाट पाहतो, काही झाले नाही म्हणून आणखी एक वडी खातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. घरच्या कुंडीतल्या झाडाच्या कोणत्या फांदीत किती टीएचसी आहे हे करणाऱ्यालाही माहीत नसते. एकाच ताटातल्या दोन वड्यांची ताकद वेगळी असू शकते. होळीच्या किंवा महाशिवरात्रीच्या रात्री भांगेमुळे धडधड, घबराट, भ्रम घेऊन माणसे रुग्णालयात येतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे फ्रिजमधली मिठाई समजून खाल्लेले एखादे लहान मूल गुंगीत आणले जाते. मुलाच्या बाबतीत श्वास मंदावण्याची भीती खरी असते. अशा वेळी काय खाल्ले हे डॉक्टरांपासून लपवू नये. (गांजाचे झाड लावणे १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे, ही भीती लपवण्यामागे असते, पण उपचाराला उशीर झाला तर नुकसान मुलाचे होते.)

ओशॉनेसींनी आधी कुत्र्यावर प्रयोग केला. तो पेंगला, डुलत चालला, हावऱ्यासारखे खाल्ले आणि सहा तासांत पूर्ववत झाला. मग माणसे. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका रुग्णाला पाण्याच्या नुसत्या दर्शनाने झटके येत होते. औषधानंतर त्याला संत्र्याचा रस आणि ओला भात गिळता आला. तो काही दिवसांत वारलाच, पण मरण थोडे सुसह्य झाले. ओशॉनेसींनी यालाच यश मानले, बरे केल्याचा दावा केला नाही. धनुर्वाताच्या आचक्यांतही स्नायू सैल पडत असल्याचे त्यांना दिसले. आकडी येणाऱ्या एका तान्ह्या मुलीला त्यांनी अर्काच्या एकदोन थेंबांपासून सुरुवात केली. सवय होत गेली तसा डोस शंभर थेंबांच्या पुढे गेला. ती बचावली. आज कोणी असा प्रयोग करायला धजणार नाही आणि धजूही नये. पण सवयीने मात्रा कशी फुगते, हे त्या तान्ह्या मुलीने त्यांना दाखवून दिले.

१८४० च्या दशकाच्या सुरुवातीला ते लंडनला गेले ते सोबत गांजा घेऊन. पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्याचा अर्क बनवला, डॉक्टर लिहून देऊ लागले, आणि लगेच तक्रारी सुरू झाल्या. एका बाटलीने काहीच होत नाही, दुसरीने रुग्ण भ्रमिष्ट होतो. माल कुठल्या शेतातला, किती जुना, समुद्रावर किती महिने राहिला, यावर सगळे अवलंबून होते. मोजायचा घटकच माहीत नव्हता. १९३२ मध्ये हा अर्क ब्रिटिश औषधकोशातून गळला.

ओशॉनेसींचे लक्ष तोवर दुसरीकडे वळले होते. १८३९ मध्येच त्यांनी कोलकात्याजवळ तारायंत्राची प्रायोगिक लाइन टाकली होती. पुढे डलहौसींनी देशभरचे काम सोपवले आणि १८५४ मध्ये तारा आग्र्याहून मुंबईपर्यंत पोचल्या. १८५६ मध्ये त्यांना सर किताब मिळाला, तो तारायंत्रासाठी, वैद्यकासाठी नव्हे. निवृत्तीनंतर त्यांनी आडनाव बदलून ब्रूक केले आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहिले. जानेवारी १८८९ मध्ये साउथसी इथे ते वारले. स्क्वायरच्या त्या अर्काच्या बाटल्या तेव्हाही औषधांच्या दुकानांत होत्या, आणि कोणती किती चढेल हे तेव्हाही कोणाला सांगता येत नव्हते.