इंदूरचं विरजण

इंदूरचं नाव जगभरच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलं ते शेणखतामुळे, असं सांगितलं तर कुणी हसेल. पण ते खरं आहे. हे घडवणारे गृहस्थ म्हणजे अल्बर्ट हॉवर्ड.

त्यांचा जन्म १८७३ सालचा, इंग्लंडमधल्या एका शेतकरी घरातला. केंब्रिजला शिकून ते वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथे सरकारी नोकरीवर आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञच. पुसाच्या आसपास रासायनिक खत न घालता निरोगी पिकं डोलताना दिसली, तेव्हा साहेबांनी शेतकऱ्यालाच गुरू केलं.

१९२४ मध्ये ते इंदूरच्या नव्या शेती-संशोधन संस्थेचे संचालक झाले. इथली अडचण उघड होती. शेण मुळात थोडं, त्यातलं बरंचसं गोवऱ्या होऊन चुलीत जायचं. गोमूत्र गोठ्यातच मुरायचं. मग जमिनीच्या वाट्याला उरणार काय?

हॉवर्ड यांनी शेणाचं विरजण केलं. वाटीभर ताकानं पातेलंभर दही लागतं, तसं थोड्या शेणानं ढीगभर काडीकचऱ्याचं खत होतं. पऱ्हाट्या फार टणक, म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या. काडीकचरा जनावरांखाली अंथरला. मग तो, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख असं सगळं उथळ खड्ड्यात थराथरानं रचून भिजवलं. आत हवा खेळावी म्हणून तीनदा उलथापालथ केली. साधारण ३ महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार! विकतचं त्यात काहीच नाही.

१९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या. पुढच्याच वर्षी सहकारी यशवंत वाड यांच्यासोबत हॉवर्ड यांनी या पद्धतीवर पुस्तक काढलं आणि ते मायदेशी परतले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९४७ मध्ये त्यांचं निधन झालं. तोवर ही पद्धत आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत गेली होती, ‘इंदूर पद्धत’ याच नावानं.

नवी बाग लावताना आपण ताजं शेण थेट रोपांच्या मुळाशी ओततो. ते कुजताना तापतं, मुळं करपतात. शेण आधी मुरू द्यावं, त्याला पाचोळ्याची जोड द्यावी. ही शिकवण जिथे तयार झाली, त्या जागेवर आज आपल्या शहराचं कृषी महाविद्यालय आहे. आपण मात्र पाचोळा अजून जाळतोच.