जप्तीची यादी

बँकेतली माझी बरीच वर्षे थकलेल्या कर्जांच्या फायलींत गेली. घरातल्या वस्तूंची यादी होऊ लागली की भलाभला माणूस मान खाली घालतो, हे मी पाहिले आहे. त्यामुळे रेम्ब्रांटच्या चित्रांआधी त्याच्या घरच्या यादीनेच मला ओढून घेतले.

हॉलंडमधल्या लायडन गावी १६०६ साली एका गिरणीवाल्याच्या घरी तो जन्मला. अॅमस्टरडॅमला व्यक्तिचित्रकार म्हणून त्याचे नाव झाले. १६३९ साली त्याने १३,००० गिल्डरांचे मोठे घर हप्त्यांवर घेतले. संसाराला मात्र दृष्ट लागली. तीन मुले तान्हेपणीच गेली. चौथा टायटस जगला, पण १६४२ मध्ये पत्नी सास्किया गेली. लिलावात चित्रे, शिंपले, शस्त्रे घेण्याची हौस काही सुटेना. हप्ते थकले. १६५६ साली दिवाळे निघाले आणि ३६३ नोंदींची यादी झाली. दोन वर्षांनी घरही विकले गेले.

हात आखडला, पण रंग आखडला नाही. ऐन तारुण्यातल्या एका आत्मचित्रात त्याने ओल्या रंगावर कुंचल्याच्या दांड्याने ओरखडे काढून कुरळे केस उभे केले होते. पुढे हीच रीत वाढत गेली. सावलीत तेलरंगाचा पातळ हात, इतका की खालचा तपकिरी थर दिसावा. उजेडात मात्र शिशाच्या पांढऱ्या रंगाचे जाड थर, ज्यांच्या उंचवट्यांवर खोलीतला खरा प्रकाश अडतो. त्वचा, लोकर, जर यांचा पोत वेगवेगळा उमटतो तो असा. गिऱ्हाइकांना आता गुळगुळीत चित्रे आवडू लागली होती, तरी तो बधला नाही. १६६५ च्या सुमाराच्या ‘ज्यू वधू’मधली पुरुषाची सोनेरी बाही पाहा. रंग गवंड्याने गिलावा थापावा तसा थापला आहे. पण त्याच चित्रातला तिच्या छातीवर ठेवलेला हात किती हळुवार!

१६६० साली त्याची जोडीदार हेंड्रिक्ये आणि टायटस यांनी चित्रविक्रीची भागीदारी थाटली. तो कागदोपत्री त्यांचा आश्रित झाला, म्हणजे चित्रे सावकारांच्या हाती पडू नयेत. १६६३ मध्ये ती गेली, १६६८ मध्ये टायटस. पुढच्या वर्षी रेम्ब्रांटही गेला. भाड्याच्या कबरीत त्याला पुरले.

विकले गेलेले ते घर १९११ पासून त्याच्याच नावाचे संग्रहालय आहे. पुढे त्याच्या खोल्या पूर्वीसारख्या सजवायचे ठरले, तेव्हा कुठे काय होते हे शोधायला उपयोगी पडली ती सावकारांसाठी केलेली यादीच.