हेर्मान श्टाउडिंगर

हेर्मान श्टाउडिंगर (२३ मार्च १८८१ – ८ सप्टेंबर १९६५) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांना महारेणू रसायनशास्त्राचे जनक मानले जाते. या कार्यासाठी त्यांना १९५३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवन

श्टाउडिंगर यांचा जन्म वर्म्स येथे झाला. १९०३ मध्ये त्यांनी हाले विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. स्ट्रासबुर्ग येथे असताना त्यांनी केटीन या संयुगवर्गाचा शोध लावला. १९१२ पासून झुरिक येथे आणि १९२६ पासून फ्रायबुर्ग येथे ते प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धातील विषारी वायूंच्या वापराला त्यांनी उघड विरोध केला. या भूमिकेमुळे फ्रिट्स हाबर यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि नाझी राजवटीत त्यांना चौकशीला सामोरे जावे लागले.

संशोधन

रबर, सेल्युलोज यांसारखे पदार्थ म्हणजे दुर्बल आकर्षणाने एकत्र आलेल्या लहान रेणूंचे पुंजके होत, असे त्या काळी बहुतेक रसायनशास्त्रज्ञ मानत. बहुवारिकीकरणात हजारो लहान रेणू नेहमीच्या रासायनिक बंधांनीच जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात, असे मत श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडले. त्याला तीव्र विरोध झाला. हा नाद सोडावा, असा सल्ला हाइनरिख वीलांट यांनीही दिला.

या साखळ्या साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नसल्याने अप्रत्यक्ष पुरावे शोधावे लागले. रबर हा पुंजका असेल, तर द्विबंध नाहीसे केल्यावर तो विखुरला पाहिजे. परंतु हायड्रोजनीकरणानंतरही त्याचे गुणधर्म बव्हंशी टिकून राहिले. पुढे श्टाउडिंगर यांनी द्रावणाच्या श्यानतेवरून रेणुभार ठरवण्याची पद्धत विकसित केली. तेओडोर स्वेडबर्ग यांच्या अतिअपकेंद्रित्राने आणि वॉलेस कॅरदर्स यांच्या संश्लेषणांनी त्यांच्या मताला बळकटी आली. १९४० मध्ये त्यांच्या सहकारी एल्फ्रीडे हूझेमान यांनी हेल्मूट रुस्का यांच्यासह इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ग्लायकोजेनचे रेणू दृश्य करण्याचे प्रयोग केले. पत्नी माग्डा या वनस्पतिशास्त्रज्ञही त्यांच्या संशोधनात सहभागी होत्या.

वारसा

नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा श्टाउडिंगर ७२ वर्षांचे होते. तोपर्यंत नायलॉन व प्लास्टिके घरोघरी पोहोचली होती. त्यांचे निधन फ्रायबुर्ग येथे झाले. एके काळी त्याज्य ठरलेली त्यांची संकल्पना आज बहुवारिक विज्ञानाचा पाया आहे.