धामकाठचा मुक्काम

प्रवासी विमान चालवणाऱ्या वैमानिकाला निवृत्तीचा दिवस स्वतः ठरवावा लागत नाही. साठी उलटली की दर सहा महिन्यांनी डॉक्टरांपुढे उभे राहायचे आणि पासष्ट वर्षे पूर्ण झाली की प्रवाशांचे विमान दुसऱ्याच्या हाती द्यायचे, असा नियमच आहे. नियम कठोर खरा, पण एका अर्थी तो दयाळूही आहे. हात अजून स्थिर आहेत, डोळे अजून साथ देत आहेत, अशा वेळी आपण होऊन थांबणे माणसाला फार जड जाते. पण ज्यांना असा नियमच लागू नसतो, त्यांनी काय करावे?

१९८२ सालच्या शरद ऋतूत या प्रश्नाची दोन उत्तरे महिन्याभराच्या अंतराने देशासमोर आली. १५ ऑक्टोबर रोजी जे. आर. डी. टाटा यांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी छोट्या विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास एकट्याने केला. पन्नास वर्षांपूर्वी, १९३२ मध्ये, त्याच दिवशी टपालाच्या थैल्या घेऊन ते याच मार्गाने आले होते. वय झाले म्हणून आकाश सोडायचे त्यांनी नाकारले. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत वर्ध्याजवळच्या पवनार येथे सत्त्याऐंशी वर्षांच्या विनोबा भावे यांनी देह ठेवला. त्यांनी आपले उड्डाण कधीच आवरते घेतले होते. तेही एकदम नव्हे, तर पायरी पायरीने.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेतच गाडी बदलून काशीला गेला. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची आणि गांधीजींची भेट झाली. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी त्यांना १९२१ च्या एप्रिलमध्ये वर्ध्याला पाठवले, आणि कोकणात जन्मलेला, बडोद्यात शिकलेला हा माणूस वर्ध्याचा झाला.

कामाच्या बाबतीत ते स्वतःला मुळीच सवलत देत नसत. सूत कातणे, दळणे, मैला साफ करणे, शिकवणे आणि अध्ययन यांत शरीराची पार आबाळ झाली. १९३८ मध्ये वजन ८८ पौंडांवर आले, तेव्हा गांधीजींनी विश्रांतीचा हट्ट धरला. कुणी थंड हवेच्या ठिकाणाचे नाव सुचवत होते. विनोबांनी निवडले ते पवनार! वर्ध्यापासून जेमतेम आठ किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी, जमनालालजींचा एक बंगला रिकामा होता. नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी आश्रमाच्या साऱ्या चिंता मनातून उतरवून ठेवल्या. रोज थोडे खणायचे, मोकळ्या हवेत राहायचे आणि विचारांचे ओझे वाहायचे नाही, एवढाच कार्यक्रम. काही महिन्यांत प्रकृती सुधारली. थांबण्याचा पहिला धडा त्यांनी असा घेतला, तोही बेचाळिसाव्या वर्षी.

पण मोठी वाटचाल तर पुढेच होती. १९५१ मध्ये सर्वोदय संमेलनासाठी ते पायी हैदराबादकडे निघाले. संमेलनानंतर तेलंगणात फिरत असताना १८ एप्रिलला पोचमपल्ली गावातल्या हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदानाचा जन्म झाला तो असा. पंचावन्न वर्षांचा, पोटाच्या दुखण्याने बेजार, दही-मधावर राहणारा हा माणूस पुढची तेरा वर्षे चालत राहिला. १९५२ च्या डिसेंबरात बिहारमधील चांडिल येथे त्यांना घातक मलेरियाने गाठले. औषध घ्यायचे नाही असे त्यांनी ठरवले होते; पण सहकारी आणि नेते यांच्या विनवण्यांपुढे अखेर ते नमले. काम अर्धे राहिले होते आणि त्या कामासाठी देह हवा होता.

१९६४ च्या एप्रिलमध्ये ते पवनारला परतले. पुढे बिहारमध्ये ग्रामदानाची मोहीम झाली. तिथे मात्र पायांऐवजी मोटारीचा आधार घ्यावा लागला. आणि ७ जून १९६६ रोजी, गांधीजींच्या भेटीला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, त्यांनी सूक्ष्म-प्रवेश जाहीर केला. बाहेरचे काम हळूहळू कमी करून आत वळायचे, असा त्याचा अर्थ होता. १९७० च्या ऑक्टोबरात, पंचाहत्तरी नुकतीच उलटली असताना, त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. ज्यांनी अवघा देश पायाखाली घातला, ते यापुढे पवनार सोडणार नव्हते.

हा निर्णय सर्वांनाच रुचला असे नाही. १९५७ पर्यंत पाच कोटी एकर जमीन मिळवण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात चाळीस लाखांच्या थोडी वर मिळाली. तीतही बरीच पडीक किंवा वादातली होती, आणि भूमिहीनांच्या नावावर चढली ती याहूनही कमी. गावोगाव राबणाऱ्या कार्यकर्त्यांना वाटले, की कागदावरची जमीन शेतकऱ्याच्या हाती पडण्याआधीच आपला सेनापती तंबूत परतला. १९५४ मध्ये भूदानाला जीवन वाहिलेल्या जयप्रकाश नारायण यांनी १९७४ मध्ये बिहारच्या आंदोलनाची वाट धरली आणि सर्वोदय परिवार दुभंगला. विनोबांनी त्या डिसेंबरात वर्षभराचे मौन घेतले. मौनातच आणीबाणी आली. त्यांनी कागदावर लिहिलेल्या एका शब्दाचा सरकारने आपल्या समर्थनासाठी उपयोग केला आणि टीकेचे मोहोळ उठले. मौनानंतर त्यांनी आपल्या परीने अर्थ उलगडून सांगितला. पण तो डाग पुरता पुसला गेला नाही. घरातल्या वडीलधाऱ्याने किल्ल्या सुनेच्या हाती दिल्या, तरी त्याच्या एका हुंकाराचाही अर्थ घरभर लावला जातो. थोरांची निवृत्ती तरी याहून निराळी कशी असणार?

मग त्यांचे थांबणे चुकले म्हणायचे का? पवनारलाच याचे एक उत्तर मिळते. १९५९ मध्ये, पायी हिंडत असतानाच, त्यांनी इथे बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले होते. शेती, गोशाळा, स्वयंपाक, छपाई सारे त्यांनीच सांभाळायचे. प्रमुख कोणी नाही आणि निर्णय सर्वसंमतीने घ्यायचे. क्षेत्रसंन्यास घेऊन विनोबा इथे स्थिरावले, तेव्हा त्या घराला स्वतःच्या पायांवर उभे राहून दशक उलटले होते. भूदानाला मात्र अशी घडी बसलेली नव्हती. ती मोहीम त्यांच्या पावलांवर चालत होती. पावले थांबली आणि तिचा वेगही ओसरला. थांबण्याचा मुहूर्त बरोबर की चूक, हे थांबणाऱ्याच्या वयापेक्षा त्याने मागे कोणते हात तयार ठेवले यावरच बहुधा ठरते.

१९८२ च्या नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आला. प्रकृती सुधारण्याची चिन्हे दिसत असतानाच त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले. चांडिलप्रमाणे याही वेळी आर्जवे झाली, पंतप्रधान इंदिरा गांधीही येऊन गेल्या. पण या वेळी ते नमले नाहीत. तीस वर्षांपूर्वी देहाकडून करून घ्यायचे काम शिल्लक होते, आता तसे काही उरले नाही अशी त्यांची खात्री झाली होती. विनोबांनंतरही धामकाठच्या त्या घरातले पहाटेचे प्रार्थनेचे सूर खंडले नाहीत. बहिणींनी शेत राखले, गायी राखल्या, आणि प्रमुखावाचून घर चालवण्याचा परिपाठही राखला.