जिंकल्यानंतर बदललेला राजा

कलिंगचे युद्ध झाले, राजाला पश्चात्ताप झाला आणि तो बौद्ध झाला. शाळेच्या पुस्तकात सम्राट अशोकाचे चरित्र एवढ्यावरच संपते. परंतु अशोकाचे परिवर्तन एका रात्रीत झालेले नाही. धम्मदीक्षा घेऊन अर्धशतक उलटलेल्या आपल्या समाजाने नेमकी हीच गोष्ट समजून घेतली पाहिजे.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र. राजपुत्र असताना त्याने उज्जैनचा कारभार पाहिला, असे परंपरा सांगते. बापाच्या मृत्यूनंतर गादीसाठी भाऊबंदकी झाली. नव्व्याण्णव भावांना मारून तो राजा झाला, असे सिंहली ग्रंथ म्हणतात. ही अतिशयोक्तीच आहे, कारण राज्याभिषेकाच्या तेराव्या वर्षानंतरच्या त्याच्या लेखातही भावांच्या आणि बहिणींच्या घरांचा उल्लेख आहे. तरीही सत्तेपर्यंतचा त्याचा मार्ग रक्ताचाच होता, हे नाकारण्याचे कारण नाही.

इ. स. पूर्व २६९ च्या सुमारास त्याचा राज्याभिषेक झाला. आठ वर्षांनी त्याने कलिंग जिंकले. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख लोकांना पकडून नेले आणि त्याहून कितीतरी पट लोक नंतर मेले. हे आकडे शत्रूने सांगितलेले नाहीत. विजेत्या राजाने स्वतःच ते दगडावर कोरून ठेवले आणि त्याबद्दल दुःख जाहीर केले. जगाच्या इतिहासात असा दुसरा राजा शोधावा लागेल.

रोमचा सम्राट कॉन्स्टंटाईन याची तुलना नेहमी अशोकाशी केली जाते. इ. स. ३०६ मध्ये सैन्याने त्याला सम्राट म्हणून घोषित केले. ३१२ मध्ये रोमजवळच्या लढाईत तो क्रुसाच्या आधाराने जिंकला, अशी ख्रिस्ती परंपरा आहे. ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना उपासनेचे स्वातंत्र्य मिळाले, ही मोठीच गोष्ट होती. परंतु त्या कथेत देव विजय मिळवून देतो. अशोकाला विजय आधीच मिळालेला होता आणि त्या विजयाचीच त्याला लाज वाटली. एकाला धर्माने तलवारीचे बळ दिले, तर दुसऱ्याच्या तलवारीला धम्माने आवर घातला.

आणि हे सावकाश घडले. उपासक झाल्यावर पहिले वर्षभर आपण फारसा प्रयत्न केला नाही, संघाच्या सहवासात आल्यावरच नेटाने लागलो, अशी कबुली अशोकाने लघुशिलालेखात दिली आहे. दहाव्या वर्षी तो बोधगयेला गेला. शिकारीच्या सहली बंद करून त्याने धम्मयात्रा सुरू केल्या. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली, विहिरी खोदल्या, झाडे लावली. लुंबिनीचा कर माफ केला. स्वतः बौद्ध असूनही आजीवकांना लेणी दान दिली आणि सर्व पंथांचा आदर करण्यास सांगितले. त्याने मृत्युदंड मात्र रद्द केला नाही, आणि जंगलातील टोळ्यांना आपल्या सामर्थ्याची आठवणही करून दिली. तो राजाच होता, परंतु स्वतःला बदलत राहणारा राजा होता.

आम्हा कोकणवासीयांना तो परका नाही. अपरान्त म्हणजे आपला हा किनारा. तिसऱ्या संगीतीनंतर येथे धम्मरक्खित नावाचा यवन भिक्खू पाठवला गेला, असे महावंस सांगतो. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीची लेणी पुढच्या काळातील आहेत, पण बुद्धाची वाट या डोंगरांपर्यंत पोहोचल्याची ती साक्ष देतात. शेजारच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचे मूळ गाव. त्यामुळे बौद्ध धम्म कोकणात १९५६ साली नव्याने आला असे कोणी म्हणू नये. तो येथे परत आला.

किनाऱ्यावरच वर उत्तरेला, सोपाऱ्याला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा त्याच परिसरात सापडला तो १९५६ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांनी अशोक विजयादशमीला नागपुरात दीक्षा दिली त्याच वर्षी. हा योगायोगच आहे, पण त्या लेखातील विषय पाहा. आजारपण, लग्न, मूल जन्मणे, प्रवासाला निघणे अशा वेळी लोक जे निरर्थक विधी करतात, त्यांचे फळ अल्प असते, असे अशोक त्यात सांगतो. दासांशी आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राणिमात्रांविषयी संयम बाळगणे हाच त्याच्या मते खरा मंगलविधी.

आता आपल्या वाडीत डोकावून पाहू. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते, दारावर पंचशील ध्वज असतो आणि आजारपण आले की पाय भगताच्या घराकडे वळतात. लग्नाची तारीख पंचांग पाहून ठरते. बावीस प्रतिज्ञा पाठ असतात, पण नवस फेडणे थांबत नाही. सारनाथचे सिंह १९५० पासून देशाच्या राजमुद्रेवर आहेत, धम्मचक्र झेंड्यावर आहे. मुद्रा मिळाली, पण नवव्या लेखातले आचरण अजून मिळवायचे आहे.

पहिल्या वर्षी आपण कमी पडलो हे सम्राटाला दगडावर कोरावेसे वाटले. दीक्षा एका दिवसात घेता येते, परंतु बौद्ध होणे हे रोजचे काम आहे. यंदाच्या अशोक विजयादशमीला नुसती मिरवणूक काढू नका. आपल्या घरातील एक तरी निरर्थक विधी त्या दिवशी कायमचा बंद करा. सम्राट अशोकाला तेच खरे अभिवादन ठरेल.